लॅटिन क्रियापदे, इंग्रजी नामे

लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या हजारो शब्दांत एक छोटा पण मजेदार गट आहे. त्यातले शब्द लॅटिन वाक्यातून विभक्ती-प्रत्ययांसकट जसेच्या तसे उचललेले आहेत. मुळात कुणी क्रियापद होते, कुणी क्रियाविशेषण, कुणी सर्वनाम. इंग्रजीने त्या सर्वांना सरसकट नामे करून टाकले.

याला मुख्यतः कोर्टकचेऱ्या कारणीभूत. इंग्लंडमध्ये १३६२च्या कायद्याने तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करण्याचे ठरले, पण दप्तर लॅटिनमध्येच राहिले. ते कायमचे इंग्रजीत यायला १७३३ साल उजाडावे लागले. तोवर ठरावीक शेरे आणि मजकुरातले मोक्याचे शब्द वकील-कारकुनांच्या तोंडी इतके बसले होते, की कागदाला त्यातल्या शब्दावरूनच नाव पडे. 'अ‍ॅफिडेव्हिट' म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितले आहे'. आज तेच शपथपत्राचे नाव आहे. 'अ‍ॅलिबाय' म्हणजे नुसते 'दुसरीकडे'. सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभा ज्याच्या अभावी तहकूब होते, तो 'कोरम' म्हणजे 'ज्यांपैकी', सर्वनामाच्या षष्ठीचे अनेकवचन. मॅजिस्ट्रेटांच्या नेमणूकपत्रात 'ज्यांपैकी एक तुम्ही असावे, अशी आमची इच्छा आहे' या अर्थाचे कलम असे. त्यातल्या पहिल्या शब्दावरून त्या निवडक मॅजिस्ट्रेटांना 'कोरम' म्हणू लागले आणि पुढे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीलाही तेच नाव मिळाले.

सर्वांत रंगतदार कहाणी 'इग्नोरेमस'ची. फिर्यादीत पुरेसा पुरावा नसला की ग्रँड ज्युरी कागदाच्या पाठीवर हा शेरा मारीत असे. अर्थ 'आम्हांस ठाऊक नाही', म्हणजे खटला पुढे चालवण्याजोगे काही आढळले नाही. १६१५ मध्ये केंब्रिजला राजा पहिला जेम्स याच्यासमोर जॉर्ज रगल याचे एक लॅटिन प्रहसन झाले. त्यातल्या घमेंडखोर, अर्धवट वकिलाचे नाव इग्नोरेमस, आणि नाटकाचे नावही तेच. राजाला ते भलतेच आवडले, वकीलमंडळी चिडली, आणि शब्द कोर्टाच्या आवाराबाहेर पडून 'ठार अडाणी माणूस' या अर्थाने रूढ झाला. काही विद्वान याचे अनेकवचन 'इग्नोरेमाय' असे करतात. ते सपशेल चूक आहे. हे नाम नव्हेच. प्रथमपुरुषी अनेकवचनी क्रियापद आहे. अज्ञानी माणसाला दिलेल्या नावाचे अनेकवचन चुकीचे सांगून पांडित्य मिरवण्यात एक वेगळीच गंमत आहे!

चर्चचा वाटा तुलनेने लहान. मृतांसाठीच्या सायंप्रार्थनेची सुरुवात 'प्लासिबो', म्हणजे 'मी संतुष्ट करीन', या शब्दाने होई. दक्षिणेच्या आशेने परक्याच्या घरी प्रार्थना म्हणायला जाणारे लोक असत, म्हणून 'प्लासिबो गाणे' म्हणजे खुशामत करणे असा वाक्प्रचार पडला. चॉसरने तर एका तोंडपुज्या पात्राचे नावच प्लासिबो ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांनी तो शब्द उचलला, रोग बरा करण्यापेक्षा रोग्याचे समाधान करणाऱ्या औषधासाठी. वैद्यकाचाच दुसरा शब्द 'रेसिपी', म्हणजे 'घे' ही आज्ञा. औषधाच्या चिठ्ठीचा तो पहिला शब्द. स्वयंपाकघरात तो पुष्कळ उशिरा शिरला. सभेचा 'अजेंडा' हे संस्कृतातल्या 'करणीय'सारख्या रूपाचे अनेकवचन, पण इंग्रजीत ते केव्हाच एकवचनी झाले आहे.

या सर्वांवर ताण म्हणजे 'बस'. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये कुणालाही भाडे देऊन बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या आणि त्यांना 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी', हे नाव मिळाले. ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबीअर याने पॅडिंग्टन ते बँक अशी पहिली ऑम्निबस लंडनमध्ये चालवली. नाव लांबलचक म्हणून लोकांनी ते छाटले, पण छाटताना अर्थाचा भाग गेला आणि शेपूट तेवढे उरले. मराठीत 'सर्वांना'मधले 'सर्वां' टाकून गाडीला 'ना' म्हणावे, तसा हा प्रकार. ते शेपूट म्हणजे लॅटिन चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. संस्कृतात 'देवेभ्यः', 'कविभ्यः' या रूपांत दिसणारा 'भ्यः' हा त्याचाच भाऊबंद. दोघेही एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययकुळातले.