रोपवनाखालची माणसं

प्रेतं लपवायला झाडं लावतात, हे मला वयाच्या साठीनंतर कळलं आणि ते अजून पचलेलं नाही. माझे वडील, अण्णा, राधानगरीच्या जंगलात वनरक्षक होते. पावसाळा लागला की रोपवनाची कामं निघायची. आधी खणून ठेवलेले खड्डे, पिशव्यांतली रोपं, रोजंदारीवर आलेल्या बायका आणि त्या सगळ्यांवरून ऐकू येणारा अण्णांचा आवाज, यातच आमचं लहानपण गेलं. झाड लावणं म्हणजे चांगलंच काम. त्यात दुसरं काही असू शकेल, अशी शंकासुद्धा मनाला कधी शिवली नव्हती. ती शिवली पोलंडमधल्या एका जंगलात.

पोलंड म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. ते गेले, मग सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर ते हेच. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वळिवड्याला आलेली माणसं पूर्व पोलंडमधली, रशियाने सैबेरियाकडे हाकललेली. सप्टेंबर १९३९ मध्ये त्या देशाचे दोन तुकडे झाले, एक स्टालिनने घेतला, दुसरा हिटलरने. त्या दुसऱ्या तुकड्यात काय घडलं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मुलगी वॉर्सामध्ये नोकरीला आहे. तिच्याकडे राहायला जाण्याआधी मी एका टूर कंपनीबरोबर पूर्व युरोपची सहल केली. वॉर्सामध्ये एक अख्खी दुपार मोकळी होती. मुलीने फोनवर पाल्मिरीचं नाव सांगितलं होतं, शहरापासून तीसेक किलोमीटरवर, म्हणून मी टूर मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, “तिथं काय आहे मॅडम, नुसती झाडं आहेत. त्यापेक्षा मॉल करू.” आणि खरोखर मॉल केला. चाळीस माणसं चार तास त्या मॉलमध्ये हिंडली. मी एका बाकड्यावर बसून होते. लोकांनी आयुष्यभराची पुंजी मोडून या सहली घ्यायच्या आणि दुकानं बघून परत यायचं, याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

सहल संपल्यावर मुलगी मला पाल्मिरीला घेऊन गेली. “आई, सगळा सपाट रस्ता आहे, तुझ्या गुडघ्यांना त्रास होणार नाही,” असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मेट्रोने म्वोचिनी या शेवटच्या स्टेशनपर्यंत, तिथून बसने त्रुस्काव नावाच्या गावाला. गाव संपतं तिथेच कांपिनोसचं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. इतक्या जवळ एवढं मोठं अरण्य असलेल्या राजधान्या युरोपात फारच थोड्या असतील. १९५९ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. जमीन रेताड आहे. हिमयुगानंतर वाऱ्याने रचलेले वाळूचे ढिगारे आणि त्यांच्यामधून दलदलीचे पट्टे, अशी एकाआड एक रचना. ढिगाऱ्यांवर पाइन, खाली ओल्या भागात ऑल्डर. पाइनचा बुंधा खाली करडा असतो आणि वर जाईल तसा नारिंगी होत जातो, उन्हात तो पेटल्यासारखा दिसतो. पायाखाली वाळू, त्यावर काटकुळ्या पानांचा थर. चालताना पावलांचा आवाजच होत नाही. गुडघे खरंच दुखले नाहीत.

वाटेवरच्या खुणांबद्दल सांगायलाच हवं. दर काही अंतरावर एखाद्या बुंध्यावर तळहाताएवढी तीन पट्ट्यांची खूण रंगवलेली असते, वर पांढरी, मध्ये रंगीत, खाली पांढरी. मधला रंग ज्या वाटेचा, ती वाट. आमची काळी होती. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाखालची साल आधी खरवडून गुळगुळीत केलेली होती, म्हणजे रंग टिकावा. वळण आलं की वळणाच्या आधी खूण, वळणानंतर लगेच दुसरी. हे काम तिथे हौशी भटक्यांची संघटना करते आणि तिची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे सह्याद्रीत कातळावर कुणीतरी ऑइलपेंटने बाण काढतो, शेजारी स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर लिहितो, आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी उलट्या दिशेचा बाण काढतो. दर पावसाळ्यात पोरं चुकतात, रात्रभर शोधाशोध होते. गडकोटांच्या नावाने भाषणं होतात, पण सरळ वाट दाखवणारी एक पट्टी आपल्याला नीट रंगवता येत नाही. असो.

वाटेत माणसं बरीच होती. हातात दोन-दोन काठ्या घेऊन चालणारी म्हातारी जोडपी, सायकलवरची पोरं, रानबेरी वेचून ओठ निळे झालेली एक छोटी मुलगी. सगळे हसतमुख. पाचेक किलोमीटर चाललो आणि झाडं एकदम विरळ झाली. समोर तीन उंच क्रूस, आणि त्यांच्या पायाशी रांगाच रांगा लहान दगडी क्रूसांच्या. मध्येच एखाद्या दगडावर सहा टोकांचा ज्यू तारा.

डिसेंबर १९३९ ते जुलै १९४१ या काळात जर्मनांनी इथे सुमारे १,७०० माणसं मारली. बहुतेकांना वॉर्साच्या पाव्याक तुरुंगातून पहाटे ट्रकने आणत. दुसऱ्या तुरुंगात हलवतोय असं सांगत, सामान बरोबर घेऊ देत, म्हणजे माणसाला संशय येऊ नये. इथे आणून डोळ्यांवर पट्टी बांधत आणि खड्ड्याच्या काठावर उभं करून गोळ्या घालत. खड्डे आधीच खणलेले असत. त्या दिवशी जंगलखात्याच्या पोलिश माणसांना कामावर येऊ नका असा हुकूम असे, आणि रानात पोलिसांची गस्त वाढे.

कुणाला मारलं? शिक्षक, वकील, लेखक, राजकारणी, विद्यार्थी, ज्यांच्या मागे लोक उभे राहिले असते अशांना. नुसत्या २० आणि २१ जून १९४० या दोन दिवसांत ३५८ जण गेले. त्यांत पोलिश संसदेचे माजी अध्यक्ष माचेइ राताय होते. यानुश कुसोचिन्स्कीही होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावण्यात सुवर्णपदक आणणारा. युद्धात जखमी झाला, मग गुप्त चळवळीत शिरला, पकडला गेला. आम्ही खाशाबा जाधवांच्या मुलुखातली माणसं. ऑलिंपिकचं पदक आणणाऱ्या माणसाची गावातून मिरवणूक निघते, हे ऐकत वाढलेली. तशा माणसाला तेहेतिसाव्या वर्षी डोळे बांधून खड्ड्याच्या काठावर उभं केलं. त्याच्या थडग्यासमोरून माझे पाय हलेनात.

आणि मग ते झाडांचं. खड्डा बुजवला की त्यावर शेवाळ पसरायचं, पाइनच्या पानांचा थर द्यायचा आणि वर पाइनची रोपं लावायची. दोन-चार वर्षांत तिथे जंगलच दिसलं असतं. मी संग्रहालयात ही माहिती वाचली आणि पुढे काही वाचू शकले नाही. रोप हातात धरायचं, मुळं मोडणार नाहीत असं खड्ड्यात ठेवायचं, माती दाबायची, ही सगळी काळजी त्या हातांनी घेतली असणार, नाहीतर रोप जगलं नसतं. खाली माणसं होती. टूर मॅनेजरचं वाक्य मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. मारणाऱ्यांनाही नेमकं हेच हवं होतं, येणाऱ्याला नुसती झाडं दिसावीत.

तसं झालं नाही, ते जंगलखात्याच्या साध्या माणसांमुळे. अदाम हेर्बान्स्की नावाचा फॉरेस्टर आणि त्याच्याबरोबरचे काही जण जिवावर उदार होऊन त्या जागांवर खुणा करत राहिले. पकडले गेले असते तर पुढचा खड्डा त्यांच्यासाठी होता. मी यावर खूप विचार केला आहे, आणि मला हे अगदी स्वाभाविक वाटतं. रोज बीट फिरणाऱ्या माणसाला कालपर्यंत नसलेलं रोपवन दिसणार नाही? अण्णांना जाळरेषेच्या कडेचा एक वाकलेला अंजन दुसऱ्या दिवशी सरळ दिसला असता तरी कळलं असतं. तोड कुणी केली, कुऱ्हाड कुणाची, गाडी कुठल्या बाजूने आली, हे ते पाचोळ्यावरून सांगत. जर्मनांनी अख्ख्या शहराची तोंडं बंद केली, पण जंगल ओळखणाऱ्या चार माणसांपुढे त्यांचं काही चाललं नाही.

युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये पोलिश रेड क्रॉसने त्या खुणांच्या आधारे उकरायला सुरुवात केली. चोवीस सामूहिक कबरी सापडल्या. त्यातल्या ५७६ जणांची ओळख तेव्हा पटली, पुढे इतिहासकारांनी आणखी ४८० नावं शोधली. बाकीच्यांच्या क्रूसावर ‘अज्ञात’ एवढंच आहे. वॉर्साच्या आसपासच्या इतर ठिकाणी मारलेल्यांनाही नंतर इथेच आणून पुरलं, म्हणून आज इथे दोन हजारांहून अधिक माणसं आहेत. संग्रहालयाची २०११ ची नवी इमारत गंजलेल्या पोलादाची आहे, झाडांमध्ये ती पटकन दिसतही नाही. आत कबरींतून निघालेल्या वस्तू आहेत. एक चष्मा मी बराच वेळ पाहत होते. काड्या मोडलेल्या होत्या, काच मात्र शाबूत होती. कपाटात सगळ्या वस्तू सारख्याच अंतरावर, सारख्याच उजेडात मांडल्या आहेत.

बाहेर आल्यावर त्या सायकलवाल्या पोरांचा मला संताप आला. भिंतीला सायकली टेकवून ती सँडविच खात होती, हसत होती. मुलीला म्हटलं, “यांना कुणी सांगत नाही का?” ती म्हणाली, “आई, शाळेतून सगळ्यांना आणतात इथं. त्यांना माहीत आहे.” मला ते पटलं नाही. मग अर्ध्या तासाने भूक लागली, आणि झाडाखालच्या लाकडी टेबलावर आम्हीही दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खाल्लं, पाणी प्यायलो, मुलीने ऑफिसमधली काहीतरी गंमत सांगितली आणि मी हसले. त्यात काही गैर वाटलं नाही. आधीचा राग चुकीचा होता असंही म्हणणार नाही. दोन्ही खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही जंगलाच्या पश्चिम टोकालाही गेलो, झेलाझोवा वोलापासून ब्रोहूवपर्यंत. पहिलं संगीतकार शोपाँचं जन्मस्थान, बागेतलं पांढरं घर. दुसऱ्या गावात त्याचा १८१० साली बाप्तिस्मा झाला ते गढीसारखं तटबंदीचं, गोल बुरुजांचं सोळाव्या शतकातलं चर्च. मधे शेतं, विलो, ब्झुरा नदी. सुंदर चालणं. बसेस झेलाझोवा वोलाला थांबतात, फोटो होतात, आणि ब्रोहूवला सहसा कुणी जात नाही. त्यावर लिहावं इतकं आहे, पण माझं मन पाल्मिरीत अडकलेलं.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा शाल-नारळ मिळाला. त्यांच्या बीटमध्ये आज जे ऐन-जांभळाचं रान उभं आहे, त्यावर त्यांचं नाव नाही आणि ते असावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही. मला वाटतं. २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला करून तिला मारलं. बातमी आली आणि गेली. वाघाचं नाव पर्यटकांना पाठ असतं, वनरक्षकाचं नसतं. त्या लांबच्या देशात एका फॉरेस्टरचं नाव इतिहासात नोंदलेलं पाहून मला आनंद झाला, आणि आपल्याकडे ते का नाही याचं वाईट वाटलं.

वॉर्साला जाणाऱ्या मराठी माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. टूरच्या मोकळ्या दिवशी मॉलला जाऊ नका. म्वोचिनीहून त्रुस्कावची बस पकडा आणि पायी जा, गाडीने नको. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लांब पँट घाला, गोचिडांचा त्रास आहे. खाण्याचं बरोबर न्या. दफनभूमीला तिकीट नाही. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.