पाच दगडांची पूजा

अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीच्या रानात दगडांना तोटा नाही. तरीही मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सकाळी पाच दगड निवडायला मला बराच वेळ लागतो, आणि घरातले वैतागतात. दगड आपल्याच शेतातला हवा, बांधाच्या आतला. विहीर खणताना वर आलेल्या ढिगातला मी घेत नाही, कारण तो जमिनीच्या पोटातला; त्याने अजून पेरणी पाहिलेली नाही. ट्रॅक्टरच्या फाळाने टवका उडालेलाही नको. बुड सपाट असलेला मिळाला तर उत्तम, म्हणजे टेकू न देता उभा राहतो. मग धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि चुन्याचा पातळ हात द्यायचा. जाड दिला की वाळल्यावर पोपडे धरतात. पहिला हात वाळला की दुसरा, त्यावर कावेचे ठिपके. आमच्याकडे डोळे काढत नाहीत. शेजारच्या रानात डोळे असतात, मिशाही असतात, आणि त्या देवांचा थाट पाहून पोरं खूश होतात.

देवांना घर म्हणजे कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप. पेंढ्या वर एकत्र बांधायच्या, खाली पसरवायच्या, तोंड पूर्वेला ठेवायचं आणि वरून शाल पांघरायची. कडबा गेल्या वर्षीचा लागतो, कारण यंदाची ज्वारी अजून उभी असते. म्हणून दुष्काळाच्या पुढच्या वर्षी कोप बारीक होते. जनावरांना कमी पडत असताना देवाच्या घराला पाच पेंढ्या लावायच्या नाहीत, तीन पुरतात, आणि संध्याकाळी त्याही सोडून गोठ्यात टाकायच्या. हे मला अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी शिकवलं. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं. सण कानडीत होतो, हिशेब मराठीत.

या पाचांना कोण म्हणायचं, यावर एकमत नाही. अत्ती लक्ष्मी म्हणायच्या. लातूर, धाराशिवकडे पांडव म्हणतात. तिकडे या सणाला येळवस म्हणतात आणि लातूरचे जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुटी देतात. कुणी काही म्हणो, दगडांची त्याला हरकत नसते. मला या पूजेत सगळ्यात मोकळं वाटतं ते इथेच. पोथी नाही, मंत्र नाही, भटजी किंवा जंगम बोलवावा लागत नाही, आणि चुकलं असं सांगणारं कुणी नसतं. मग करताना सांभाळायचं काय, हा प्रश्न मात्र उरतो. नियम बाहेरून येत नसले की आपले आपण ठरवावे लागतात, आणि ते मला पोथीपेक्षा अवघड वाटतं.

आमचं घर लिंगायत. रोज सकाळी मी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसते. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांनी आणि शरणांनी देऊळ नाकारलं, मध्यस्थ नाकारला, बाईच्या गळ्यातही लिंग बांधलं. त्यांच्या हिशेबी शेतातल्या दगडाला चुना फासून नैवेद्य दाखवणं म्हणजे मागे जाणं. घरातल्या एका शिकलेल्या नातेवाइकाने मला हे बऱ्याचदा ऐकवलं आहे. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सोलापुरात सिद्धरामेश्वरांचं काय झालं ते बघा. तेही शरण. त्यांनी तलाव खोदला, अडुसष्ट लिंगं स्थापली. आणि त्यांच्याच नावाने दर संक्रांतीला बांबूच्या नंदीध्वजाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, हजारो लोक अक्षता टाकतात. विचाराने कितीही साफ केलं तरी लोकांना हाताने करायला काहीतरी लागतंच.

माझ्यापुरता मी यात वाद ठेवलेला नाही, कारण दोन्हींची कामं वेगळी आहेत. इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं आणि आमच्यात पुरताना ते सोबत जातं. ते माझं. शेतातले पाच दगड मात्र त्या दिवसापुरते. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा रानातले दगड, पावसाने चुना धुऊन निघतो, आणि पुढच्या वर्षी त्यातलाच एखादा पुन्हा हाती आला तर ओळखूही येत नाही. ते कुणाचेच नाहीत. त्यांना घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायचं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. रान सोडून त्यांना अर्थ नाही. एक पूजा माणसाला बांधलेली, दुसरी जागेला. मला दोन्ही लागतात.

स्वयंपाक आदल्या रात्रीपासून चालतो. ज्वारी-बाजरीच्या कडक भाकरी आधीच करून ठेवलेल्या असतात. शेंगापोळ्या, शेंगांची चटणी, गव्हाची हुग्गी, पुंडीपल्या, ताकात शिजवलेलं ज्वारीच्या पिठाचं आंबील. आणि भज्जी. भज्जी म्हणजे बेसनातली तळलेली भजी नव्हेत. ओल्या तुरीचे, वालाचे दाणे, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, वांगी, गाजर, मेथी, जे जे त्या आठवड्यात रानात असेल ते सगळं चिंचेच्या कोळात आणि डाळीच्या पिठात एकत्र शिजवायचं. भज्जीत काय पडलं यावरून त्या वर्षी कुणाच्या शेतात काय आलं हे कळतं. बाजारातून भाजी आणून ती भरगच्च करणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. चव चांगली लागते. पण मग रानाची खबर त्यात राहत नाही.

पूजा होते, ओटी भरते, आरती म्हणणारे आरती म्हणतात. हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं. खरं काम त्यानंतरचं, चरग शिंपायचं. प्रत्येक पदार्थातला पहिला वाटा एका बुट्टीत कालवायचा आणि शेताच्या कडेकडेने चारही बाजूंनी शिंपडत जायचं. मागून एकजण कडुनिंबाच्या डहाळीने आंबील शिंपतो, मोठ्याने ‘चांगभलं’ म्हणतो, लांबच्या रानातून त्याला उत्तर येतं. ती फेरी पुरी होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, लहान मुलांनीसुद्धा. मुंग्या, चिमण्या, खारी, उंदीर, ज्याला मिळेल त्याने खावं. पिकाचं नुकसान करणाऱ्यांनाही त्यात वाटा असतो, आणि तो मुद्दाम असतो. कोण येऊन खातं हे बघत थांबायचं नाही.

माझ्या मते या पूजेचा जीव चरगातच आहे. बाकी काही राहिलं तर चालतं. चुना संपला तर ओल्या मातीचा टिळा लावा, शाल नसेल तर पंचा टाका. चरग न शिंपता जेवलं तर ती सहल झाली.

आणि मागणं? या दिवशी मागण्यासारखं फारसं काही नसतं, असं माझ्या उशिरा लक्षात आलं. आमच्याकडे वर्षाला पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. मार्गशीर्षाच्या अमावस्येपर्यंत पाऊस येऊन गेलेला असतो किंवा चुकलेला असतो. पेरणी उरकलेली असते. काढणीला अजून दोनेक महिने. मालदांडी पोटरीत असते किंवा नुकती निसवलेली, हरभरा फुलात, करडई काट्यावर येऊ लागलेली, तूर तेवढी पिकत आलेली. म्हणजे रान गाभण असतं. गाभणीला आपण मागत नाही, खाऊ घालतो. सीमेपलीकडे कर्नाटकात आश्विनाच्या पुनवेला, शीगी हुणवीला, याच भावाने पिकांना डोहाळजेवण देतात. पूजेने पाऊस पडतो असं आमच्याकडे समजत असते, तर १९७२ नंतर कुणी दगडाला चुना लावला नसता. त्या दुष्काळातही लोकांनी कोपी मांडल्या, भज्जीत घालायला चिंचेशिवाय काही नव्हतं, असं अत्ती सांगायच्या.

वर्षाचे बाकीचे दिवसही असेच रानाला जोडलेले. कारहुणवीला बैल, ज्येष्ठ अमावस्येला मातीचे बैल, पंचमीला वारूळ. वारुळाबद्दल रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ वाचलं तेव्हा कळलं की गोव्याची सांतेरी वारुळाच्या रूपातच पुजली जाते, आणि वारूळ म्हणजे भूमीची योनी अशी फार जुनी समजूत त्यामागे आहे. पुस्तक १९७८चं. त्याच्या आधी दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडून शेंदूर फासलेले दगड तपासत होते. जिथे जुन्या वाटा एकमेकींना छेदतात तिथे या देवी बसलेल्या आहेत आणि तिथेच अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडतात, असं त्यांनी दाखवलं. आपण काय करतो त्याचं वय कळलं की हात जरा जपून चालतो, इतकाच मला या वाचनाचा उपयोग. पूजा वाचून येत नाही.

जुनं म्हणून सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. याच पट्ट्यात यल्लम्माच्या नावाने मुली सोडल्या जात होत्या. कर्नाटकने १९८२ मध्ये त्यावर कायद्याने बंदी आणली. अंगात आलेल्या बाईला मारहाण करून भूत उतरवणारे होते, अजूनही असतील. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला, २०१३ मध्ये. मी स्वतःशी एक कसोटी ठेवली आहे: या पूजेची किंमत कोण मोजतं? माझी ज्वारी, माझी झोप, माझे पाय दुखणं, इथवर ती माझी. दुसऱ्याच्या अंगावर, अब्रूवर किंवा पोरीच्या आयुष्यावर ती जाते तिथे देवाचा संबंध संपला. दुसरी कसोटी भीतीची. ‘हे केलं नाही तर वाईट होईल’ असं कुणी म्हटलं की ती गोष्ट मी सोडून देते. अत्तींच्या काळी विधवेने कोपीला हात लावायचा नाही, असं होतं. सासरे गेल्यानंतरच्या वर्षी दगडांना चुना अत्तींनीच लावला. आम्ही आग्रह केला आणि त्या फार वेळ नाही म्हणाल्या नाहीत. तूर त्या वर्षी नेहमीसारखीच आली.

जगात दुसरीकडे लोकांना हे सगळं पुन्हा पहिल्यापासून उभारावं लागलं आहे. आइसलँडमध्ये स्वेनब्यर्न बेनतेनसन नावाच्या एका शेतकरी कवीने चारचौघांना घेऊन १९७२ मध्ये जुन्या देवांची संघटना काढली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने तिला मान्यता दिली. हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेला तो देश. मधली साखळी तुटलेली, म्हणून त्यांना जुन्या काव्यांतून आणि कथांतून देव शोधावे लागले. युरोपात, अमेरिकेत आज असे कितीतरी गट आहेत. काही एकटेच करतात, घराच्या मागे, एका झाडाखाली. त्यांची थट्टा मला करवत नाही. त्यांच्याकडे पुस्तक आहे आणि शेत हरवलं आहे. आमच्याकडे शेत आहे, पुस्तक कधी नव्हतंच. पण आमचीही साखळी आता एका पिढीच्या अंतरावर येऊन थांबली आहे, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

कारण गावातली मुलं पुण्याला, हैदराबादला. शेतं विकली जातात, वाट्याने दिली जातात. अमावस्येला गाडी करून येतात, कोपीसमोर फोटो काढतात, जेवतात आणि अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन किंवा गाणगापूर करून परत जातात. त्यात वाईट काही नाही. मैंदर्गी या दोन देवस्थानांच्या वाटेवरच आहे, आणि आमच्या रस्त्याने गाड्या बाराही महिने वाहतात. पण मुलांना मी एक सांगते: आलात तर फेरीला चला. चपला काढा, बुट्टी हातात घ्या, पूर्ण शेताला वळसा घाला. बांध कुठे फुटला, तूर कुठे वाळली, शेजाऱ्याने किती फूट आत नांगरलं, हे त्या एका फेरीत दिसतं. आणि त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडू नका. ज्याला शेत नाही त्याला या दिवशी आमंत्रण लागत नाही. आमच्या सालगड्याचं कुटुंब आमच्याच पंगतीला बसतं, मागाहून नाही.

शेत नसलेल्या एका भाचीने विचारलं, मी फ्लॅटमध्ये काय करू? मी म्हटलं, पाच दगड विकत आणू नकोस. कुंडीत काही उगवत असेल तर जेवायच्या आधी पहिला घास तिथे ठेव, मुंग्या येतील तर येऊ दे. जमलं तर सुटी काढून कुणाच्याही रानात जा.

तारखेचं तेवढं लक्षात ठेवावं लागतं. ही अमावस्या डिसेंबराच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मागेपुढे होते. २०२४ मध्ये ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने त्या वर्षात ती एकदाही येत नाही. पुढची ७ जानेवारी २०२७ला, गुरुवारी आहे. रजेचा अर्ज आधीच टाका.