धड्याखालचे प्रश्न

इतिहासाचं नवं पाठ्यपुस्तक हातात आलं की मी आधी धडा वाचत नाही, धड्याखालचा स्वाध्याय वाचते. धड्यात काय असावं यावर समित्या बसतात, वर्तमानपत्रांत वाद रंगतात, सभागृहात आवाज चढतात. स्वाध्यायाकडे कुणी फिरकत नाही. मुलाच्या डोक्यात मात्र तोच राहतो, कारण परीक्षेला तोच येतो. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले, कारणे द्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत मी वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहे. मूल देशावर प्रेम करायला शिकतंय, की नुसतं आपल्या बाजूनं ओरडायला, ते या प्रश्नांवर ठरतं.

देशावर प्रेम असणाऱ्याला देशातली माणसं आपली वाटतात, आणि आपल्यांच्या हातून वाईट घडलं तर ते त्याला सलतं. राष्ट्रवाद वर्गात ज्या रूपात शिरतो त्यात हे सलणंच नाहीसं होतं. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी रेघ एकदा ओढली की अलीकडचं सगळं शौर्य, पलीकडचं सगळं क्रौर्य.

उदाहरण आपल्याच घरातलं घेते. 1742 ते 1751 या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. मागणी चौथाईची होती. नवाब अलिवर्दीखानानं सरदार भास्करपंत कोल्हटकरांना 1744 मध्ये वाटाघाटीला बोलावून दग्यानं मारलं, त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर 1751 च्या तहात ओडिशा हाती आला आणि सालीना 12 लाखांची चौथाई ठरली. आपल्याकडे हा मराठी सत्तेच्या विस्ताराचा एक टप्पा आहे. नकाशातला रंग आणखी पूर्वेला सरकतो आणि पुढचा धडा सुरू होतो.

बंगालमध्ये त्याच दहा वर्षांची आठवण निराळी आहे. गंगाराम नावाच्या त्या काळातल्या बंगाली कवीनं ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. नाव वाचून आपल्याला वाटावं, ही आपली थोरवी असणार. आत आहेत जळणारी गावं, मूल कडेवर घेऊन पळणारी माणसं, आणि बायकांवर झालेले अत्याचार. कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो ‘मराठा डिच’ पुढे बुजवला गेला आणि त्याच्या बऱ्याचशा मार्गावरून सर्क्युलर रोड गेला. बंगाली अंगाईत ‘बर्गी’ आजही येतात. ते आपले बारगीर. पीक गेलं, आता सारा कुठून भरायचा, हा घोर त्या अंगाईत आहे.

हे वर्गात सांगावं का, असं विचारलं की हमखास एक हात वर होतो. ‘मॅडम, मुलांना आपल्याच इतिहासाची लाज वाटायला लावायची का?’ प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्यामागची भीती मला कळते. पण लाज आणि न्यायबुद्धी एक नव्हेत. बंगालमधल्या त्या वर्तनाला मोजायचं माप बाहेरून आणावं लागत नाही, ते आपल्याकडेच आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहवलेलं पत्र इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. दाणागोटा बाजारातून विकत आणा, रयतेच्या भाजीलाही हात लावू नका. कुणब्यांना त्रास दिलात तर त्यांना मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. सतराव्या शतकातला एक राजा आपल्याच सैन्याला सांगतो आहे की शत्रूहून बरं असणं हे नुसत्या झेंड्यानं ठरत नाही. सातवी-आठवीच्या मुलांसमोर हे पत्र आणि बंगालची हकिगत शेजारी ठेवा आणि विचारा: महाराजांच्या आज्ञेनुसार या फौजेचं वागणं कसं ठरेल? लाज वाटून मान खाली घालणारं मूल मला या प्रश्नावर दिसलेलं नाही. मुलं चिडतात, भांडतात, तहाच्या अटी काढून बघतात, आणि महाराजांना ती आधीपेक्षा जास्त मानू लागतात.

आणि बंगाल? ‘बर्गी’ अंगाईत ठेवणाऱ्या त्याच बंगालमध्ये सखाराम गणेश देऊस्कर या मराठी घराण्यातल्या बंगाली लेखकाच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी 1904 मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. पुढे 1916-17 मध्ये जपान आणि अमेरिकेत राष्ट्रवादावर कठोर टीका करणारी व्याख्यानं देणारे रवींद्रनाथही हेच. ज्या प्रदेशाला आपल्या घोड्यांच्या टापा सोसाव्या लागल्या, त्यानं शिवाजीला आपलं मानलं. आपण त्याचं दुःख आपलं मानतो का?

केंद्रीय पुस्तकांत मराठ्यांना वर्षानुवर्षं चार ओळीच मिळत, ही आपली जुनी तक्रार, आणि ती रास्त होती. अठराव्या शतकातला हिंदुस्थान मराठ्यांना वगळून कळूच शकत नाही. पण जास्त पानं मागताना त्या पानांवर बंगालच्या शेतकऱ्यालाही जागा हवी, एवढं म्हणायची आपली तयारी असली पाहिजे.

पानिपताचंच बघा. ‘मराठ्यांच्या पराभवाची कारणे लिहा’ या प्रश्नाला मुलं मुद्दे पाठ करतात. त्याऐवजी विचारा: मराठ्यांचा तोफखाना कोण सांभाळत होता? इब्राहिमखान गारदी. तो शेवटपर्यंत लढला आणि पकडला गेल्यावर अब्दालीच्या छावणीत मारला गेला. अब्दालीच्या बाजूनं हिंदुस्थानातलं कोण होतं? नजीबखान रोहिला, अयोध्येचा शुजाउद्दौला. लढाईनंतर उपाशी, जखमी मराठ्यांना आसरा कुणी दिला? लढाईआधी फौज घेऊन निघून गेलेल्या सूरजमल जाटानं. प्रत्येक उत्तर एका ओळीचं. पण तेवढ्यानं मुलाला कळतं की आपली रेघ त्या रणांगणावर कुठेच नीट बसत नाही.

मुलं रोज जी प्रतिज्ञा म्हणतात ती 1962 मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ते कोषागार खात्यातले अधिकारी होते. तिच्यात वारशाचा अभिमान आहे, आणि त्या वारशाला लायक होण्याचा निश्चयही. शाळा अभिमानापाशी थांबतात. लायक व्हायचं तर वारशातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे मुलाला निवडता आलं पाहिजे, आणि निवडायला शिकवणारा तास वेळापत्रकात इतिहासाचाच आहे.

दिवाळीची सुट्टी आहे, घरात मुलं आहेत. त्यांचं इतिहासाचं पुस्तक मागून घ्या आणि धड्याखालचे प्रश्न वाचा. एकाही प्रश्नात ‘तुला काय वाटतं आणि का’ असं विचारलेलं नसेल, तर तो प्रश्न तुम्ही विचारा, आणि दुसरं सत्र सुरू झालं की शिक्षकांनाही विचारायला सांगा.