वाशीस पाहिलेलें 'देवबाभळी'

नेरूळहून आगगाडीनें वाशी तिसरें स्थानक. १९७० नंतर सिडकोनें वसविलेल्या या नव्या नगरींत नाट्यगृहास मात्र आद्य नाटककाराचें नांव आहे. १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगविणारे विष्णुदास भावे, ते हे. तेथें २०१८ सालीं आम्हीं उभयतांनीं प्राजक्त देशमुखांचें 'संगीत देवबाभळी' पाहिलें.

भंडारा डोंगरावर तुकोबांच्या शोधांत निघालेल्या आवलीच्या पायांत कांटा रुततो. मग तिच्या घरीं साक्षात् रखुमाई 'लखूबाई' होऊन राबूं लागते. कथा एवढीच. रंगभूमीवर दोनच स्त्रिया: शुभांगी सदावर्ते व मानसी जोशी. तुकोबा नाहींत, विठोबाही नाहीं. आवली त्या काळ्याला मनसोक्त शिव्या देते, आणि ऐकणारी त्याचीच रुसलेली पत्नी! आनंद ओकांच्या चाली गोड खऱ्या, पण त्यांतूनच प्रश्न बोचतो: परमार्थासाठीं पुरुषानें संसार वाऱ्यावर सोडावा, तर त्याचा दोष कोणाच्या पदरीं? भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतील श्लोक मीं तीस वर्षें शिकविले. त्या विरक्ताच्या घरीं चूल कोण पेटवीत होतें, हें एकाही विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं. मलाही सुचलें नाहीं.

परततांना सानपाड्यापर्यंत कुटुंब गप्पच होतें. मग हळूच म्हणाली, "धाकट्याला गोंवर निघाला, तेव्हां आपण वारींत होतां."

चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मीं खिडकीबाहेर पाहूं लागलों. जुईनगर आलें, गेलें.

"ताप किती होता?" मीं विचारलें.


"आतां विचारतां होय?" ती म्हणाली, व उतरण्यासाठीं पिशवी सांवरूं लागली.