कागद दिसतो, पण लावणार कोण?

राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ सुरू केलं आणि दिल्लीतले कागद पंढरपूर तालुक्यातल्या करकंबमध्ये बसूनही पाहता येऊ लागले. पण कागद दिसला म्हणजे तो वाचला गेला असं नाही. उदाहरणार्थ, पुण्याच्या पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. आधी आडवी रेघ ओढून तिला लटकवलेली अक्षरं, शब्द सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एखाद्या कागदात इनाम कुणाला आणि कशाबद्दल दिलंय, हे जाणत्या माणसालाच लावावं लागतं. म्हणून छायाचित्रणाइतकीच वाचणाऱ्या स्वयंसेवकांची गरज आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हौशी माणसं चुका करतील, हा आक्षेप खरा आहे. पण चुका तज्ज्ञांच्याही होतात, आणि मूळ कागद कपाटात बंद असला तर त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. वाचनाशेजारी मूळ प्रतिमा असली की कुणालाही पडताळा घेता येतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापले, ते सरकारी हुकमाने नव्हे. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. आज मोडी शिकलेला शिक्षक घरबसल्या एक पान लावू शकतो. शिस्त मात्र पक्की हवी: न लागलेलं अक्षर अंदाजाने भरू नये, जागा मोकळी सोडावी. पुढचा वाचक ती भरेल.