खालचा पंचम

पाकिटातल्या तीन तारा पारदर्शक होत्या आणि चौथीवर चंदेरी तारेचं बारीक वेष्टण. ही खालच्या पंचमाची, म्हणजे ‘लो जी’. उकुलेलेच्या एवढ्याशा पोटातून हा स्वर निघेल कसा, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

पांढरी एकचा सा धरला तर उकुलेले प सा ग ध असा लागतो. त्यातला पंचम षड्जाच्या वरचा. अंगठ्याजवळची पहिलीच तार चढी, म्हणून हात फिरला की स्वर उड्या मारत येतात. त्या वाद्याचं हसरेपण तिथेच आहे. उकुलेलेवादक जेक शिमाबुकुरो मोठ्या आकाराच्या टेनरवरही हा पंचम वरच ठेवतो, आणि त्याचं वादन ऐकताना मला ते पटतं. पण एकट्याने धून वाजवायची, तर षड्जाखाली उतरायला जागाच नसते. पंचम खाली घेतला की ती मिळते.

कंपनं ३९२ वरून १९६ वर आणायची. लांबी तीच, ताण तोच, मग तार चौपट जड हवी. नायलॉन तेवढं जाड केलं की बद्द बोलतं. म्हणून धातूचं वेष्टण, नाहीतर नायलॉनच्या दीडपट जड असलेलं फ्लुरोकार्बन. मला दुसरं आवडतं. वेष्टणावरून बोट सरकताना होणारी किरकिर आणि बाकीच्या तिघींवर कुरघोडी करणारा आवाज सहन होत नाही. फक्त वरच्या पट्टीतली खाच जरा रुंद करून घ्यावी लागते.

खालच्या तारेची अशीच खटपट मी तानपुऱ्यावरही पाहिली आहे. आत्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार तुटली, तेव्हा तिच्याबरोबर मिरजेला गेले होते. वाद्यांच्या दुकानात लाखेचा वास. कारागिरांनी पितळी तार मण्यातून ओवली, घोडीवरून खुंटीला नेली, खुंटीला खडू चोळला. तार ताणायची, हाताने ओढून सैल करायची, पुन्हा ताणायची. आत्या पाठ ताठ करून बसलेली. तार स्वरात आली तरी आवाज कोरडाच होता. मग त्यांनी घोडीवर तारेखाली सुती दोरा घातला आणि नखाने केसभर, केसभर सरकवत राहिले. एका जागी जवारी खुलली आणि नुसत्या षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येऊ लागला.

“आला बघ,” आत्या म्हणाली.

पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि मग एकदम खाली खर्ज. तानपुराही ओळीने चढत नाहीच.

पैसे देऊन झाल्यावरही आत्या उठेना. तिला कोपऱ्यातले भोपळे बघायचे होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, कडू, जाड सालीचे. ती एकेकावर टिचकी मारून कान लावत होती, आणि कारागीर तिला सांगत होते की मोठ्या घेराचा भोपळा हाती आल्याशिवाय पुरुषी तानपुऱ्याची मागणी ते घेतच नाहीत.