लालसरी कुठं उतरते

धानाची मळणी आटोपली, की आमच्या नवेगावच्या बांधावर थंडीची पाखरं उतरतात. पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात. मोठी लालसरी मात्र दरसाल दिसेलच असं नाही. यंदा जानेवारीत पुण्याला शिकणारा नातू दुर्बीण घेऊन आला, तो तिच्यासाठीच. पहाटे आम्ही दोघं पाळीवर गेलो.

हा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. डोंगरांच्या कुशीत अडवलेलं हे पाणी ११ चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. त्यात एक बदक शोधायचं म्हणजे तणसीच्या ढिगातून धानाचा दाणा निवडणं.

काठावर माझा ढिवर दोस्त जाळं झाडत होता. नातवानं विचारलं, "आबाजी, लालसरी कुठं बसते?"

तो हसला. "बाबू, पाखरू कायले पायतेस? पाण्याखालचं गवत पाय. गवत असन तं लालसरी असन."

त्याचं म्हणणं खरं. लालसरी डुबकी मारते ती मासोळीसाठी नाही. मुख्य खाणं पाणगवताची मुळं, कोंब, बिया. त्यानं दाखवलेल्या कोपऱ्यात धुकं विरल्यावर ७ दिसल्या. ४ नर, ३ माद्या. नराचं डोकं तांबूस-भगवं, चोच पोवळ्यासारखी लाल, छाती काळी. मादी साधी तपकिरी, गाल फिके.

पलीकडच्या काठावर बेशरम माजलेली. तिथं एकही बदक नव्हतं. बेशरमीच्या गचपणात देशी पाणगवत तगत नाही, अन् त्याच गवताच्या आडोशाला मासोळी अंडी घालते. म्हणजे लालसरीचं पोट अन् ढिवराची चूल एकाच गवतावर. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही तलावांतली बेशरम ढिवर बायामाणसांनी हातांनी उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. पाखरांच्या सरबराईसाठी नाही, मासोळीसाठी. पण गवत वाढलं, की पाखरालाही ताट मिळतं.

नातवानं वहीत लिहिलं, 'मोठी लालसरी, ७.' मी म्हटलं, "बाबू, खाली गवताचंही लिही. कोणत्या कोपऱ्यात, किती पसरलं ते."

"काहून, आबाजी?"

"एखाद्या साली पाखरू आलं नाही, तर लोक आभाळाकडं पाहतात. आपण आधी पाण्यात पाहावं."